बुरशीच्या शेंगा

माझं माहेर पेणच्या खारेपाटातलं, बाप मिठागरावर राबणारा. लग्न होऊन खांब गावाच्या बाजूला आले, तर इथे भातकापणी झाली की त्याच ओलीवर वाल. मला वालातलं काय कळतंय, हे सासरी इतक्यांदा ऐकलंय की कुणी म्हणालं नाही तर चुकल्याचुकल्यासारखं वाटतं.

गेल्या हंगामात मी हट्टाला पेटले. शेंगेत अळी शिरली की आमच्याकडे विषाचा पंप निघतो. फवारणीचा वास जायच्या आत त्याच शेंगा तोडतात आणि खातातही. नवरा कंपनीत शिफ्टला जातो, वालाचं सगळं मीच बघते. मग विष मारायचं की नाही हेही मीच ठरवणार, असं घरात सांगून टाकलं. कृषी केंद्रातून बिव्हेरियाची पूड आणली. ही अळी मारणारी बुरशी. अंगाला चिकटते, कातडीतून शिरते आणि अळीला आतून संपवते. उन्हात ती टिकत नाही, म्हणून ऊन उतरल्यावर फवारायची. पुढचं काम दंव करतं.

सुरुवातीला अळ्या मजेत खात होत्या. मोठ्या जाऊबाई बांधावरून रोज विचारायच्या, "काय गो, तुझी बुरशी जेवायला गेली काय?" मी वरून हसायचे आणि आतून चरफडायचे. भीतीही वाटत होती. पीक गेलं असतं तर त्या शेतात माझा शब्द पुन्हा कधी चालला नसता.

मग एका सकाळी पानावर पांढरी अळी दिसली, खडूच्या तुकड्यासारखी कडक. मग दुसरी, मग कितीतरी. मी त्या झटकल्या नाहीत, कारण मेलेल्या अळीवरचीच पूड जित्या अळ्यांवर बसते. पण येणाऱ्याजाणाऱ्याला तेवढंच दिसायचं. हिच्या शेंगांना बुरा आलाय, असं वाडीभर झालं.

जानेवारीत खळ्यावर पोपटी ठरली. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, ओवा, मीठ भरायचं, मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा पेटवायचा. भावकीची पोपटी एकच, शेंगा घरटी येतात. मी शेंगांची टोपली आणि माहेरच्या मिठाची पुडी घेऊन गेले, तर जाऊबाईंनी सगळ्यांदेखत हात आडवा केला. "बुरशीच्या शेंगा मडक्यात नकोत गो. मानसं आजारी पडतील. मीठ तेवढं ठेव."

माझ्या माहेरचं मीठ चाललं, माझ्या शेंगा नाही. अंगाची लाही लाही झाली. मी मिठाची पुडीसुद्धा परत उचलली. घरून मडकं आणलं आणि त्याच खळ्यावर, त्यांच्या जाळाशेजारी माझा जाळ लावला. नवरा पेंढा आणत होता. "वेगळी चूल मांडली बघा," कुणीतरी म्हणालं. मांडली, मी म्हटलं.

दोन्ही मडकी उघडली. माझ्या काही शेंगांना भोकं होती, ती मी लपवली नाहीत. आम्ही दोघं खात बसलो. कुणी फिरकलं नाही.

मग जाऊबाई आल्या. त्यांची पोटुशी लेक माहेरी आली होती, आणि भावकीच्या मडक्यातल्या शेंगा नुकत्याच फवारलेल्या आहेत हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पंप त्यांच्याच घरचा. सगळ्यांकडे पाठ करून त्या माझ्याजवळ बसल्या आणि पदराखालून ताटली काढली.

"लेकीसाठी दे गो थोड्या," त्या हळूच म्हणाल्या. "तिला त्या नाय द्यायच्या मला."

मी ताटली शिगोशीग भरली, वर अंडं ठेवलं.

"न्या वयनी. पण पदराखालून नाय. जाळापुढून न्या, समद्यांना दिसल अशी."

त्या ताटलीकडे बघत राहिल्या. मला वाटलं, ती तिथेच ठेवून जातील. मग त्या उठल्या, ताटली दोन्ही हातांत धरली आणि जाळापुढूनच गेल्या. तिकडच्या माना वळल्या. मी पुढची शेंग सोलायला घेतली.