सासूबाईंच्या कानात सांगितलेला सिनेमा

हॉस्पिटलमध्ये दुभाषी फुकट मिळत होता. नवऱ्याने "नो वरीज, माय वाइफ विल डू इट" म्हणून तो परस्पर नाकारला. त्याआधी पार्किंगमध्ये मला बजावलं होतं, "आईला काही कळता कामा नये." त्यामुळे डॉक्टरबाईंनी सासूबाईंकडे बघत सांगितलं की आता उपचारांचा उपयोग नाही, फार तर उन्हाळा निघेल, आणि मी मराठीत सांगितलं, "औषध बदलणार आहेत, आई. बरं वाटायला जरा वेळ लागेल." नवरा खिडकीबाहेर बघत होता. नको ते काम माझ्या गळ्यात मारायचं आणि आपण झाडं बघत बसायचं, हे त्याला छान जमतं.

त्याच आठवड्यात सासूबाईंनी सिनेमाची जाहिरात पाहिली. त्यांच्या आवडत्या जुन्या फ्रेंच कादंबरीवरचा. कादंबरी त्यांनी ठाण्याच्या वाचनालयातून आणून मराठीत वाचली होती. "दाखवशील का?" म्हणाल्या. पॉइंट कुकच्या आमच्या घरून गाडी काढून शहरात दुपारच्या खेळाला गेलो.

खालची इंग्रजी अक्षरं भराभर सरकत होती, त्यांना वाचणं जमेना. मग मी कानात मराठीत सांगत राहिले. पुढच्या रांगेतल्या बाईने दोनदा वळून पाहिलं. मी तिच्याकडे लक्षच दिलं नाही. अर्ध्यावर नायिकेने अंथरूण धरलं. खोलीबाहेर डॉक्टर तिच्या नवऱ्याला म्हणाला, ही यातून उठणार नाही.

"हवापालट केली की बरी होईल म्हणतोय," मी कुजबुजले.

"बरं," सासूबाई म्हणाल्या.

नंतर ती मेलीच. त्यावर सांगण्यासारखं काही नव्हतं.

परतताना फ्रीवेवर सासूबाई म्हणाल्या, "पुस्तक मी दोनदा वाचलंय गं. डॉक्टर नवऱ्याला काय सांगतो ते मला माहीत होतं."

मी गाडी डावीकडच्या लेनमध्ये घेतली.

"माझ्या डॉक्टरबाईंचं बोलणंही असंच बदलून सांगितलंस का?"

मी हो म्हटलं. किती दिवस उरलेत, तेही त्यांनी विचारलं आणि मी सांगितलं. त्या रडल्या नाहीत. पदराने चष्मा पुसत राहिल्या, बराच वेळ. मग म्हणाल्या, "मला कळलंय हे त्याला सांगू नकोस. त्याला झेपायचं नाही."

स्वतःचं मरण आत्ता कळलेलं, आणि काळजी मुलाची. मला संताप आला, आणि रडूही.

घरी नवऱ्याने दारातच विचारलं, "कसा होता पिक्चर?"

"छान होता. शेवटी बरी होते ती," सासूबाई म्हणाल्या आणि आपल्या खोलीत गेल्या.

तो माझ्या मागोमाग स्वयंपाकघरात आला. आवाज खाली आणून म्हणाला, "आईला काही संशय नाही ना आला?"

मी तांदूळ धूत होते. "नाही," म्हटलं.

"थँक गॉड," तो म्हणाला.