डॉलीबाई पास झाल्या

बसा, चहा ओतते. माझ्या फजित्या तुम्हाला पुष्कळ माहीत आहेत, पण ही मी फारशी कुणाला सांगत नाही. सांगायला लागले की हसू येतं, आणि शेवटी पदर डोळ्यांना लागतो.

लग्न होऊन सांगलीहून बंगलोरला आले, ती साठ-एकसष्टची गोष्ट. मराठी माणसं सगळी तिकडे मल्लेश्वरमला, आणि आमचं घर कॉक्स टाउनात, ह्यांच्या कारखान्याला सोयीचं म्हणून. शेजारी डॉलीबाई आणि त्यांचे यजमान आर्थर. अँग्लो-इंडियन जोडपं, पन्नाशीचं, मूलबाळ नाही. डॉलीबाई कचेरीत टायपिस्ट. त्यांना मराठी येत नव्हतं, मला इंग्रजी. दोघींचं कन्नड मोडकं. तेवढ्यावर गट्टी जमली.

बीटचं सॅलड त्यांनीच शिकवलं. मी आपली बीट उकडणारी. त्यांनी माझ्या बंबाच्या निखाऱ्यांत सालासकट बीट पुरले आणि मऊ झाल्यावर अंगठ्याने साल सरकवली. वर संत्र्यालिंबाचा रस, थोडं तेल, मोहरीची पूड. शेवटी तुपात परतून गूळ, मिरी आणि तिखट लावलेले काजू. मी गरम बीटवरच रस ओतायला गेले, तर हातावर चापट बसली. "स्वल्प थांब. निवू दे."

एके दिवशी म्हणाल्या, "मद्रासला जातेय. टेस्ट आहे."

टायपिस्ट बाईची टेस्ट म्हणजे काय असणार? टायपिंगची परीक्षा. मी लगेच त्यांच्या हातावर दहीसाखर ठेवली. त्यांनी मला जवळ घेतलं, जरा जास्तच वेळ. मला वाटलं, परीक्षेची धास्ती.

तीन आठवड्यांनी आर्थर एकटेच परतले. फाटकाशी थांबून म्हणाले, "डॉली पास्ड. ऑन सॅटर्डे."

आता मला सांगा, मी काय समजायचं?

"व्हेरी गुड," मी टाळ्याच वाजवल्या. "फर्स्ट क्लास?"

त्यांनी डोक्यावरची हॅट काढली. मग हळूच म्हणाले, "येस. फर्स्ट क्लास. ऑलवेज."

मी घरात धावले. बंब पेटवला, बीट पुरले, काजू परतले. या वेळी सगळं निवू दिलं बरं का. ठेवणीतलं पातळ नेसले, गजरा माळला आणि संध्याकाळी वाडगा घेऊन शेजारी गेले.

घर माणसांनी भरलेलं. सगळे काळ्या कपड्यांत. आपण काळं नेसतो संक्रांतीला, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट वाटलं, बाईंचं किती कौतुक आहे लोकांना. वाडगा आर्थरच्या हातात देऊन मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "डॉली पास. पार्टी."

कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्या बाईंनी माझा हात धरला आणि कन्नडमध्ये हळूच सांगितलं, "अवरु होगिबिट्रु, अम्मा."

त्या गेल्या. एवढं कन्नड मला येत होतं. आर्थरच्या इंग्रजीतलं 'पास्ड' म्हणजेही तेच, हे तेव्हा कळलं.

मग टेबलावरचा फोटो दिसला. त्याच्यापुढे मेणबत्ती. मद्रासची टेस्ट दवाखान्यातली होती. पोटात गाठ होती, ऑपरेशन झालं, आणि शनिवारी त्या गेल्या. मला त्यांनी कळूच दिलं नव्हतं. की सांगितलं होतं, आणि मीच दहीसाखर देऊन मोकळी झाले?

मी गजरा ओढून काढला आणि तिथेच खाली बसून हमसून रडले. आवाज आवरेना. एकीने पाणी आणलं, दुसरीने पाठीवर हात फिरवला. म्हाताऱ्या बाईंनी माझं डोकं मांडीवर घेतलं. पाद्री आले होते, ते खुर्ची ओढून माझ्याजवळ येऊन बसले. आर्थरनी वाडग्यातली एक फोड तोंडात टाकली, डोळे मिटले, आणि वाडगा पुढच्या माणसाकडे दिला. सगळ्यांनी थोडं थोडं खाल्लं.

त्या दिवशी सगळे आले होते आर्थरना धीर द्यायला. तो सगळा मीच संपवला. बायको गेली होती त्यांची, आणि दंडाला धरून मला घरी पोचवायला आले तेच.