कंडक्टरच्या मांडीचं माप

जनावरांच्या दवाखान्यात तिला सगळे फोटोवाली मावशी म्हणायचे. तेवीस वर्षं एक्स-रे काढत आलेली बाई, पण हात असा हलका की चावरं कुत्रंसुद्धा तिच्यापुढे गरीब गाय होऊन पडायचं. मन मात्र लोण्याहून मऊ, आणि या कामात ते कधी कधी नडतं.

नडलं ते कंडक्टरच्या वेळी. कंडक्टर म्हणजे एका निवृत्त बसड्रायव्हरचा आठ वर्षांचा धिप्पाड कुत्रा. दारात बसून आल्यागेल्याला हुंगून तपासायचा, म्हणून हे नाव. बायको गेल्यापासून ड्रायव्हरकाकांना घरात बोलायला तेवढाच एक उरला होता, आणि खुबा झिजल्यामुळे त्याला आता उठवतही नव्हतं. नवा खुबा बसवायचा तर मांडीचं हाड आतून कसं आहे ते आधी मोजावं लागतं. आतली पोकळी नरसाळ्यासारखी हवी, वर रुंद आणि मध्ये अरुंद. मग नव्या खुब्याची धातूची दांडी तिच्यात घट्ट बसते. पोकळी नळीसारखी सरळ असली तर दांडी खाली सरकते, नाहीतर हाडच तडकतं.

मावशीने फोटो काढला. डॉक्टरीणबाईंनी वरच्या रुंदीला मधल्या रुंदीने भागलं, तर पावणेदोनसुद्धा भरेना. दोनच्या आसपास तरी हवं होतं. बाईंनी काकांना समजावून सांगितलं की यात धोका आहे, गोळ्यांवर निभेल तेवढं निभवू. काका पट्टा मनगटाला गुंडाळून कुत्र्याला उचलायला वाकले.

मावशीला राहवेना. तिने फोटो पुन्हा लावून पाहिला. गुडघ्याची वाटी मधोमध नव्हती. पाय बाहेर वळला होता, आणि पाय असा वळला की पोकळीचा आकारच खोटा दिसतो. गुंगी पुरती चढली नव्हती, पाय सरळ ओढताना कंडक्टर कण्हला होता, आणि "बरं बाबा, राहू दे" म्हणत तिनेच हात सैल सोडला होता. दया हिने दाखवली आणि शिक्षा त्या मुक्या जिवाला होणार होती.

गप्प बसली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता. ती तडक बाईंकडे गेली.

"फोटो चुकलाय. मीच चुकवलाय. पुरती भूल देऊन परत काढू द्या."

बाईंनी फोटो निरखून पाहिला. हे माझ्याही लक्षात यायला हवं होतं, एवढंच म्हणाल्या आणि काकांना फाटकातून परत बोलावलं.

या वेळी मावशीने मन घट्ट केलं, पाय पुरता सरळ ओढला, वाटी मधोमध आणली. माप तीनदा घेतलं. तिन्ही वेळा दोनच्या वर. पुढच्याच आठवड्यात खुबा बसला.

अडीच महिन्यांनी तपासणीच्या फोटोसाठी कंडक्टर आपल्या पायांनी चालत आला. दारात मावशी दिसताच त्याने कान पाडले, गिरकी घेतली, आणि काकांच्या हातून पट्टा सोडवून थेट फाटकाकडे धूम ठोकली.

काका ओशाळले. "तुमच्यावर रागावलाय वाटतं. इतकं केलंत त्याच्यासाठी, आणि हा बघा."

मावशीचे डोळे भरून आले होते. ती फाटकाकडेच बघत होती.

"रागावू दे हो," ती म्हणाली. "चारी पायांवर पळाला ना."