नावाला ओ न देणारं नेट

माझ्या मावससासूबाईंसारखी यंत्रावर डाफरणारी बाई साऱ्या धाराशिव जिल्ह्यात दुसरी सापडायची नाही. मिक्सर, पाण्याची मोटर, मोबाइल, कुणाचीही गय नाही. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून उभी हयात घालवलेली ही बाई निवृत्त झाली ती फक्त कागदोपत्री. माकणीच्या त्यांच्या घरात आजही कीबोर्डला हात लावायचा तर आधी साबणानं हात धुवावे लागतात, मग तो जावई का असेना. राउटरला त्या ‘डबा’ म्हणतात, पालथा हात ठेवून त्याचा ताप बघतात आणि अधूनमधून स्पिरिटच्या बोळ्यानं त्याला पुसून काढतात. टायपिंग एका बोटानं. प्रत्येक बटण इंजेक्शन द्यावं तसं दाबायचं आणि शेवटी एंटर मारून कॉम्प्युटरचीच समजूत घालायची, “झालं, झालं. दुखलं न्हाय ना?”

हा कॉम्प्युटर घरात आला तो मावशी अंगणात पडल्या म्हणून. मनगट मोडलं. हैदराबादला नोकरी करणारा त्यांचा एकुलता एक मुलगा धावत आला आणि “आता इथं एकटीनं राहायचं नाही, माझ्याकडं चल” म्हणून हटून बसला. मावशीही हटून बसल्या. यजमान गेल्यावरही ज्या बाईनं गाव सोडलं नाही ती मनगटासाठी सोडणार होती थोडीच! शेवटी तोड निघाली. मुलानं आपला जुना कॉम्प्युटर बैठकीत मांडला, त्यावर कॅमेरा बसवला. रोज सकाळी कामाला निघण्याआधी त्याला तिकडून आई दिसली पाहिजे. दिसेनाशी झाली तर दिवाळीला येऊन तो तिला सामानासकट घेऊन जाणार. कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स होतं. “यात व्हायरस येत नाही, आई,” असं त्यानं कौतुकानं सांगितलं. आयुष्यभर लसी टोचलेल्या बाईला हे पटणं शक्यच नव्हतं. “येत न्हाय असं कसं? समद्यांनाच येतो,” असं म्हणून त्यांनी त्या यंत्राकडं जरा संशयानंच पाहिलं.

काही दिवस बरं चाललं. मग नेटवाल्यानं डबा बदलला आणि मावशी हैदराबादला दिसेनाशा झाल्या. मुलानं फोनवरून बरंच काही सांगितलं, मावशींनी बरंच काही टाइप केलं, आणि मग मला फोन आला. मी धाराशिवला इतिहास शिकवतो. एकदा त्यांच्यासमोर मी प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढून काढला होता, तेवढ्यावर त्यांनी मला संगणकतज्ज्ञ ठरवून टाकलं आहे.

“जावईबापू, लई घोटाळा झालाय. अंकानं हाक मारली की ओ देतंय, नावानं मारली की गप!”

कोण अंकानं हाक मारतंय आणि कुणाला, मला काही कळेना. आधी वाटलं, भावकीतलं काहीतरी असेल. रविवारी एसटीनं माकणी गाठली, हात धुतले आणि समोर बसलो. मावशींनी पडद्यावर हुकूम टाइप करायची काळी खिडकी उघडली, ‘पिंग’ असं टाइप करून पुढं काही आकडे घातले. भराभरा ओळी पळू लागल्या. “ही बघा नाडी. चांगली लागतीय.” मग आकड्यांच्या जागी एका वेबसाइटचं नाव घातलं. एकच ओळ आली, तीही नकाराची. मावशींनी मला समजावलं ते असं: कॉम्प्युटरला नावं कळत नाहीत, आकडे कळतात, कुठल्या नावाचा कुठला आकडा हे सांगणारा एकजण लागतो, आणि नव्या डब्यानं दिलेला हा सांगणारा मुका निघाला. “मग दुसरा बघायचा, व्हय का न्हाय?” मी व्हय म्हणालो. न्हाय म्हणण्याइतकंही मला कळलं नव्हतं.

तर अशा दुसऱ्या सांगणाऱ्याचा आकडा मुलानं दिला होता आणि मावशींनी रिझॉल्व्ह नावाच्या फाइलमध्ये तो स्वतःच्या बोटानं लिहिलाही होता. नेट लगेच सुरू व्हायचं. पण कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला की लिहिलेलं गायब. पुन्हा लिहावं, पुन्हा गायब. “कुणीतरी पुसतंय,” मावशी आवाज खाली आणून म्हणाल्या. प्रथम मांजरावर संशय होता, म्हणून त्याला बैठकीची बंदी झाली. मग शेजारणीवर. मग कॉम्प्युटर बंदच करायचा नाही असं ठरलं, तर नेमकी लाइट गेली. माझ्याकडंही त्यांनी एक नजर टाकली, पण मी धाराशिवला असतो हे आठवून सोडून दिलं.

तेवढ्यात मुलाचाच फोन आला. “राहू दे आई, तुला नाही कळायचं ते. मी दिवाळीला येतोच आहे. बॅग भरून ठेव.”

मावशींनी फोन ठेवला. मोडून जुळलेल्या मनगटावरून दुसरा हात फिरवत राहिल्या. बाहेर अंगणात त्यांनी लावलेला शेवगा होता, गल्लीतली कुणीतरी बाई “सिस्टर हायत का?” म्हणून डोकावून गेली. मावशींनी मला दाखवायला उघडलेली ती रिझॉल्व्ह फाइल मी उगाच मोठ्यानं वाचू लागलो. वरच्या इंग्रजी ओळींचा अर्थ साधारण असा होता की ही फाइल दुसराच एक प्रोग्राम तयार करतो, हिच्यात हातानं काही बदलू नका.

मावशी ताडकन उठल्या. “हे वर लिवलंय? अन् म्या वाचलं न्हाय?” औषधाच्या बाटलीवरचं वाचत नाही म्हणून अख्ख्या गावाला त्यांनी झापलेलं होतं. “म्हंजे डॉक्टर दुसराच हाय! आपण केसपेपरवर लिवतोय, अन् तो दरवेळी नवा केसपेपर काढतोय. सांगायचं तर त्या डॉक्टरला सांगाया पायजे!”

मग त्या डॉक्टरचा शोध सुरू झाला. आम्ही मेनूत शिरलो, भलतीकडून बाहेर पडलो. मध्येच मी वायफायच बंद करून बसलो. तेव्हा “तुमी जरा लांब बसा” असा हुकूम झाला. शेवटी नेटवर्कच्या सेटिंगमध्ये, कनेक्शनच्या आत आणखी आत, मावशींना ती जागा सापडली. तिथं ‘आपोआप’चं बटण चालू होतं. मावशींनी ते बंद केलं, शेजारच्या रकान्यात आकडा टोचला, सेव्ह केलं आणि कॉम्प्युटर बंद करून चालू केला. नावानं हाक मारली. ओ आली! विश्वास बसेना म्हणून पुन्हा बंद, पुन्हा चालू. पुन्हा ओ. हे का झालं ते मला आजही सांगता यायचं नाही.

पडद्यावर मुलाचा चेहरा उमटला. “आई? कुणी केलं हे?”

“म्याच केलं,” मावशी म्हणाल्या. “अन् बॅग कशापायी भरू? दिवाळीला तूच ये हिकडं, चार दिस ऱ्हा.” तो हसला. हैदराबादचा विषय पुन्हा निघाला नाही.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी मी एकदा सकाळी लवकरच माकणीला गेलो. नेट ठणठणीत होतं. मावशी मात्र उगाच डब्याच्या आसपास घुटमळत होत्या. “लेकरू सकाळी बघतं, म्या दिसले की जातं. बिघाड व्हता तवा तास तास बोलायचा,” असं म्हणून त्यांनी माझ्यादेखत कनेक्शन बंद केलं आणि मोबाइल घेऊन खुर्चीत बसल्या. थोड्या वेळानं तो वाजलाच.

“व्हय रे, कायतरी झालंय बघ. काय टाइप करू, सांग की.”

तिकडून मुलगा सांगू लागला. कीबोर्ड दूर टेबलावर होता. मावशी डोळे मिटून ऐकत होत्या आणि मधूनमधून म्हणत होत्या, “व्हय... लिवलं... म्होरं?”