छातीच्या मधोमध सप्रे

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. चार म्हातारे रोज सकाळी शर्टाची बटणं सोडून एका खोलीत बसले की ते आपोआप साठतात.

आमची खोली म्हणजे कारखान्याजवळच्या पिपलानी वस्तीतल्या सप्रेच्या घरातली पुढची. सप्रे त्याच कारखान्यात इन्स्पेक्शनला होता. रिटायर झाल्यावर ॲक्युपंक्चरचा कोर्स केला आणि आता फुकट सुया टोचतो. मी नववी नापास, म्हणून टोकन वाटतो. पुण्यात सप्रेला नात झालीय, मुलगा कायमचं या म्हणतोय. वहिनींची बॅग दिवाळीपासून भरलेली आहे. सप्रेचं एकच, माझ्या पेशंटांचं काय?

त्याचा लाडका पॉइंट छातीच्या बरोबर मधोमध. धाप, उचकी, राग, मनावरचं ओझं, सगळ्यावर तोच. चिनी पद्धतीत माप पेशंटच्याच अंगठ्याचं. ते सप्रेला पटेना. त्याने पत्र्याचं टेम्प्लेट कापलं. वरचं टोक गळ्याच्या खळगीला लावायचं, खालच्या भोकात सुई. आमच्यातल्या सहा फुटी इंगळेला भोक फारच वर आलं, बुटक्या तिवारीजींना थेट पोटावर.

सप्रे म्हणाला, "टेम्प्लेट ओके आहे. माणसं रिजेक्ट आहेत."

याच तिवारीजींची उचकी दोन दिवस थांबेना. सप्रेने नुसती सुई दाखवली. तिवारीजी म्हणाले, "भाईसाहब, हिचकी तो गई. अब घबराहट का कौन सा पॉइंट है?"

एकदा मी घरूनच छातीवर लाल पेनाने सहा ठिपके काढून गेलो. सप्रेला सांगितलं, मंडीदीपच्या एका ॲक्युपंक्चरवाल्याने खुणा करून दिल्यात. सप्रेचे कान तापले. पट्टी घेऊन त्याने सहाही ठिपके मोजले, सहाही चूक ठरवले आणि शेजारी निळ्या पेनाने स्वतःचा सातवा काढला. घरी बायको म्हणाली, "अहो, या वयात कांजिण्या?"

आणि मागच्या मंगळवारी वहिनी आतून न येता रस्त्याकडच्या दाराने आल्या. चपला बाहेर काढल्या, माझ्याकडून सात नंबरचं टोकन घेतलं आणि रांगेत बसल्या. नंबर आल्यावर पडद्यामागे गेल्या. बाहेर इंगळेने नीट ऐकू यावं म्हणून पंखा बंद केला.

सप्रेने नेहमीसारखं विचारलं, "तक्रार काय?"

"छातीवर दडपण."

"कधीपासून?"

"तुम्ही रिटायर झालात तेव्हापासून."

सुईचं पाकीट फाडल्याचा आवाज आला, मग सुई टोचताना वहिनींचा 'स्स'. त्यानंतर सप्रेचा आवाज, कधी ऐकला नव्हता इतका बारीक.

"जाऊ या का गं पुण्याला?"

"आधी सुई काढा."