चौथा ठिपका

आधीच सांगून टाकते, भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. कसा असणार? आमच्या गावातली निम्मी भुतं मीच तयार केलेली आहेत. हिंगोली जिल्ह्यात हट्टा गावाजवळच्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत मी विज्ञान शिकवायचे. वर्गात पोरांना सांगायचं की भूत नसतं, आणि शाळेमागच्या चिंचेला कुणी दगड मारू नये म्हणून त्याच चिंचेवर हडळही मीच बसवलेली... अजून तिथंच आहे म्हणतात! त्यामुळं आता मी काही सांगायला तोंड उघडलं की घरचे म्हणतात, "झालं आजीचं सुरू." म्हणून इथं लिहिते आहे. तुम्ही मला ओळखत नाही, तेवढाच माझा फायदा.

सुरुवात माझ्या डाव्या हातापासून करावी लागेल.

तेव्हा मी दहा वर्षांची होते. आजोळ जवळा बाजारचं. तिथल्या आठवडी बाजारात लिंबाखाली एक गोंदणारी बाई बसायची. पुढ्यात करवंटीत कालवलेलं काजळ आणि दोऱ्यानं बांधलेली सुयांची जुडी. बाई मेली की अंगावरचं सगळं काढून घेतात, सोबत जातं ते फक्त गोंदण, असं आमच्याकडच्या बायका मानतात. म्हणून आजीनं मला धरून तिच्यापुढं बसवलं. मनगटाच्या वर, आतल्या बाजूला पाच ठिपके ठरले – चार कोपऱ्यांत चार आणि मधे एक.

तीन झाले आणि मी हात हिसकून पळाले. नुसती पळाले असते तरी चाललं असतं. पण नाही – वीस पावलांवर उभं राहून भाषण ठोकलं. "तुझी सुई घाण आहे! घाण सुईनं रोग होतात! पुस्तकात लिव्हलंय!" दोन वेण्या, नाकाला शेंबूड, आणि तोरा असा की रोगजंतूंचा शोध जणू हिनंच लावला. आज ती कार्टी भेटली तर पाठीत एक ठेवून देईन. तिचं म्हणणं खरं होतं, ती गोष्ट वेगळी.

बाई चिडली नाही. सुया पदराला पुसत हसली आणि म्हणाली, "जाय मास्तरीण, जाय. पन अर्ध्या गोंदणाच्या बाईला वर घेत न्हाईत. दोन राह्यलेत. म्या येईन."

यानंतर छप्पन्न वर्षं काही झालं नाही. तीन ठिपके हिरवट निळे होऊन हातावर राहिले, इतकंच.

मागच्या वर्षी शेतात हळद काढणं चाललं होतं. मला कुणी बोलावलं नव्हतं, तरी गेले आणि बाभळीचा काटा पायात मोडून घेतला. घरी सांगितलं असतं तर सून ओरडली असती. मंगल तिचं नाव – जिभेनं तिखट, मनानं लोणी. मग जन्मभर विज्ञान शिकवलेल्या या बाईनं काय केलं असेल? शेतातलं ओलं हळकुंड मातीसकट ठेचलं आणि जखमेत भरलं! आम्ही हळद पिकवणारे, आम्हाला वाटतं हळद लावली की झालं.

"आत्याबाई, लंगडून काहून राहिल्या?"

"वय झालं म्हण की, मंगल."

चौथ्या दिवशी हुडहुडी भरली. पाय गुडघ्यापर्यंत सुजून काळानिळा पडला. तोंड धुताना हिरड्यांतून रक्त आलं ते थांबेचना. अंगभर मोहरीएवढे लाल ठिपके उठले. मुलानं गाडीत घालून हिंगोलीला नेलं आणि तिथं मला थेट आयसीयूत टाकलं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, शेतकऱ्याची लेक. माझ्या उशाशी उभं राहून त्यांनी मुलाला आणि मंगलला समजावलं, ते मी अर्धवट शुद्धीत ऐकलं. "पायातलं इन्फेक्शन रक्तात गेलंय. त्यानं बारीक बारीक नसांत रक्ताच्या गुठळ्या होतायत. पाटात जागोजाग गाळ साचावा तसं समजा. आणि रक्त गोठवायचं जे सामान शरीरात असतं, ते सगळं त्यातच संपलंय. आता कुठं बांध फुटला तर बुजवायला माती नाही."

मंगलनं विचारलं, "मंग आता?"

"मूळ इन्फेक्शन मारायचं – अँटिबायोटिक, आणि पाय उघडून पू काढायचा. तोवर रक्त गोठावं म्हणून प्लाझ्मा आणि प्लेटलेट द्यायच्या. दोन दिवस फार नाजूक आहेत."

मंगल कधी नव्हे ती माझ्यावर ओरडली नाही. तेव्हा मला कळलं की मी मरायला टेकले आहे.

पू काढला. प्लाझ्माच्या पिवळ्या पिशव्या एकामागून एक चढत होत्या. पण जिथं जिथं सुई टोचली होती, तिथून रक्त झिरपतच होतं. म्हणून डॉक्टरीणबाईंनी ताकीद दिली होती – नवीन सुई कुठंही टोचायची नाही. सगळ्या नळ्या मानेला आणि उजव्या हाताला. गुंगीत मी त्या ओढीन म्हणून उजवा हात कठड्याला बांधलेला. डाव्या हाताला फक्त बीपीचा पट्टा.

तिसरा दिवस. समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं. सव्वादोन. लख्ख दुपार, सगळे दिवे चालू, यंत्रांचं टिकटिक. डाव्या बाजूला कुणीतरी येऊन बसलं. मान वळत नव्हती. आधी वास आला... तेलाच्या काजळाचा. मग करवंटीच्या काठावर सुया आपटल्याचा आवाज. टक, टक.

आणि अगदी कानाशी, हसऱ्या आवाजात – "पळ की आता, मास्तरीण."

मंडळी, आयुष्यभर मी लोकांना घाबरवलं, पण तेव्हा घाबरायची पाळी माझी होती. मनगटाच्या वर बारीक टोचलं. तीन दिवस अंगात काही कळत नव्हतं, ते टोचणं मात्र स्वच्छ कळलं. मी मनातल्या मनात म्हणाले, आता मधला. तो झाला की संपलं.

"मधला राहू दे," ती म्हणाली. "त्याची घाई न्हाई."

घड्याळात अजून सव्वादोनच होते. डावी बाजू रिकामी.

संध्याकाळी सिस्टर मंगलवर खेकसली, "पेशंटला काजळाची तीट कुणी लावली? हे गाव नाही तुमचं!"

"म्या काहून लावू? पहिल्या दिवसानंतर मला आत कुठं येऊ देऊन राहिल्या तुमी?"

सिस्टरनं स्पिरिटच्या बोळ्यानं पुसलं. निघालं नाही. पुन्हा घासलं. मग वाकून नीट बघितलं. टोचल्याचा ताजा काळा ठिपका. बाकी प्रत्येक भोकातून रक्त झिरपत होतं आणि हा मात्र कोरडा.

त्या रात्रीच्या रिपोर्टमध्ये रक्त गोठायला लागल्याचं दिसलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अँटिबायोटिक लागू पडलं, प्लाझ्मानं साथ दिली. मीही तेच म्हणते. मला त्यांनीच वाचवलं, यात शंका नाही. तुम्हालाही काटा मोडला तर दवाखान्यात जा, हळदीच्या नादी लागू नका!

ठिपक्याबद्दल विचारलं तर त्या म्हणाल्या, "बीपीच्या पट्ट्यानं येतात असे. जातील पंधरा दिवसांत."

अंगावरचे बाकीचे सगळे गेले, आधी पिवळे पडून. हा राहिला. दोन महिन्यांनी हिरवट निळा झाला, बरोबर बाकीच्या तिघांसारखा आणि बरोबर चौथ्या कोपऱ्यात. पुन्हा दाखवला तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, हा जुनाच असेल." नातीनं माझ्या निवृत्तीच्या निरोपसमारंभाचा फोटो मोबाईलवर मोठा करून दाखवला. हातात नारळ, मनगटावर तीन ठिपके. त्यांनी फोटो बघितला, मोबाईल नातीला परत दिला आणि म्हणाल्या, "पायाची जखम दाखवा."

नातीचा अजूनही माझ्यावरच संशय आहे. "आजी, तूच काहीतरी केलं असशील." कशानं केलं, बाई? एक हात बांधलेला, दुसरा उचलत नव्हता. मी खोटारडी आहे हे मान्य, पण एवढी हुशार नाही.

माझ्याकडं याचं काही स्पष्टीकरण नाही. तापात भास झाला म्हणावं, तर भास पुसला तर जायला पाहिजे.

गेल्या महिन्यात मंगल मला जवळा बाजारला घेऊन गेली. लिंब आता नाही, पण बाजारात एक टॅटूवाला बॅटरीवरचं मशीन घेऊन बसतो. मंगल म्हणाली, "पुरं करून घ्या आत्याबाई, एकदाचा जीव निवांत होईल." मी बसले. त्यानं माझं मनगट धरलं, मशीन सुरू केलं. "आजी, मधलाच एक राह्यला ना?"

मी हात हिसकला आणि गुडघ्यांची पर्वा न करता उठून निघाले. भाजीच्या ओळीपर्यंत थांबले नाही. मंगल धापा टाकत मागं आली.

"अवो, झालं तरी काय?"

"सुई घाण आहे त्याची," मी म्हणाले. "पुस्तकात लिहिलंय."