साईनाथराव मिटिक्युलस

दिवा स्टेशनजवळ राहणाऱ्या भावनाला इंग्रजी शब्द टिकत नसत. सकाळी मोबाइलवर पाठ केलेला शब्द भाजी फोडणीला पडेपर्यंत उडून जाई. ठाण्याला कोलशेतच्या कंपनीत ती मराठी-हिंदी गिऱ्हाइकांचे फोन घ्यायची. आता परदेशी गिऱ्हाइकांच्या टेबलावर एक जागा निघाली होती आणि ती तिला हवीच होती. मुलाखत इंग्रजीत, तीही भारी इंग्रजीत.

मग एका हळदीकुंकवाला तिच्या लक्षात आलं, लग्नातले उखाणे मात्र आपल्याला अजून जसेच्या तसे येतात. झालं!

“गवारीच्या शेंगा मोडते पटपट, साईनाथराव टेनेशस, म्हणजे भलतेच चिवट!”

“पोह्यांत घातले दाणे थोडे, साईनाथराव लोक्वेशस, म्हणजे फार बडबडे!”

“अगं, मी कधी बोलतो?” नवऱ्याने विचारलं.

“अहो, गप्प बसा. उद्या तुम्ही कंजूष आहात.”

साईनाथ रोज बदलत गेला. कधी उदार, कधी कपटी, एकदा तर पारदर्शक. शब्द पक्के बसले.

मुलाखतीची खोली पांढरी होती. समोर सुहासिनी मॅडम आणि अद्वय नावाचे तरुण साहेब. स्वतःबद्दल सांगा, असं मॅडम इंग्रजीत म्हणाल्या. भावनाला हवा तो शब्द जिभेवर होता, पण एकटा बाहेर येईना. तिने डोळे मिटले.

“दाराला तोरण, तोरणाला मोर, साईनाथराव मिटिक्युलस, म्हणजे काटेकोर!”

मॅडमनी कागदावरून मान वर केली.

“हू इज साईनाथराव?” अद्वयने विचारलं.

“माय हजबंड, सर.”

“इज ही मिटिक्युलस?”

“नो सर! ही लूजेस हिज चष्मा ऑन हिज ओन नोज. आय अ‍ॅम मिटिक्युलस.”

शब्द एकटा आला होता. नवऱ्याचा हात सोडून.

सुहासिनी मॅडम टेबलावर थाप मारून म्हणाल्या, “अगं, आणखी एक होऊन जाऊ दे!” मग काय, एकामागून एक शब्द सुटले, काही उखाण्यासकट, काही नुसतेच.

संध्याकाळी ती घरी नाचतच आली. “मिळाली जागा! तुमचं नाव घेतलं मी.”

“मुलाखतीत?” साईनाथने चहा उतू घालवला. “मग आता मी कोण?”

“इनडिस्पेन्सेबल. म्हणजे ज्याच्यावाचून चालत नाही. यमक मिळेना त्याला.”

“थांब, मी शोधतो,” साईनाथ म्हणाला, आणि जेवण होईपर्यंत त्याचं तोंड एकदाही बंद झालं नाही.